मोटर बंद, दिवा चालू: घरच्या लेथवरच्या कामाच्या दिव्याचं एक प्रकरण

लेथ (धातूचा तुकडा फिरवून टूलनं कापणारं यंत्र) छोटा होता, टेबलावर बसणारा, सिंगल फेज मोटरचा, घराच्या मागच्या खोलीत ठेवलेला. मालक निवृत्त गृहस्थ. मी त्यांना काका म्हणतो. वाफेच्या इंजिनांची चालती मॉडेलं करणं हा त्यांचा उद्योग, त्यामुळे सिलिंडरचं बोरिंग, म्हणजे आतलं भोक (बोअर) मापात कोरणं, हे नेहमीचं काम. त्यांची तक्रार दोन वाक्यांची होती. "बोअरच्या आत काही दिसत नाही रे. आणि दिवा तर मशीन चालू केल्याशिवाय लागतच नाही."

पहिल्या वाक्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं. दुसरं त्यांनी सहज बोलून टाकलं, पण खरं प्रकरण त्या दुसऱ्या वाक्यात होतं.

लेथवर आपण नीट पाहतो कधी? चक, म्हणजे कापायचा तुकडा पकडून फिरणारा भाग, फिरत असताना नजर टूलच्या टोकावर असते हे खरं, पण बारकाईनं बघायची बहुतेक कामं चक थांबल्यावरची असतात. जॉब (कापायचा तुकडा) चकच्या जॉमध्ये, म्हणजे जबड्यांत, सरळ बसला का, टूलची उंची सेंटरला आहे का, डायलवरची रेघ शून्यावर आली का, मायक्रोमीटर किती दाखवतोय, बोअरमध्ये चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकली आहे का. ही सगळी पाहणी मोटर बंद ठेवूनच करायची असते, आणि नेमका त्याच वेळी काकांचा दिवा विझलेला असायचा. मग त्यांनी स्वतःपुरती एक सोय काढली होती: पट्टा सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर चढवायचा, मोटर चालू करायची आणि त्या उजेडात डायल वाचायचा. मी विचारलं, "काका, चक फिरतोय आणि तुम्ही वाकून बघताय?" ते म्हणाले, "अरे, हळूच फिरतो. उजेडासाठी चालू करतो फक्त."

यातला दुसरा धोका त्यांच्याही लक्षात आला नव्हता. बंदचं बटण दाबलं की दिवा त्या क्षणी जायचा, पण चक काही त्या क्षणी थांबत नाही. मोठा जॉब धरला असेल तर तो आपल्या वजनानं काही सेकंद फिरत राहतो. म्हणजे माणूस मशीन बंद झालं असं समजून हात पुढे करणार, तोच समोर अंधार आणि अंधारात फिरता चक.

जोडणी कुठून होती

प्लग काढला, मशीनच्या मागचं झाकण उघडलं आणि वायर मागे मागे तपासत गेलो. प्लगमधून वीज मेन स्विचला, तिथून नो-व्होल्ट स्टार्टरला (मोटर चालू-बंद करणारा, वीज गेली की स्वतः सुटणारा स्विच), पुढे सुलट-बंद-उलट अशा तीन जागांच्या स्विचला आणि मग मोटरला. लेथ काकांनी वापरलेला घेतला होता. आधीच्या मालकानं दिव्याच्या दोन वायरी स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलवर, मोटरच्या वायरींसोबत एकाच स्क्रूखाली दाबल्या होत्या. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: टर्मिनल हाताशी आहे, वेगळा स्विच लागत नाही, आणि मशीन बंद केल्यावर दिवा चुकून चालू राहायची भीती नाही. अशी जोडणी जुन्या मशीनवर बऱ्याचदा सापडते.

इथे एक सांगून ठेवतो, कारण हल्ली घरच्या लेथवरही थ्री फेज मोटर आणि तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बसवतात. तिथे दिव्याची वायर ड्राइव्हच्या आउटपुटवर कधीही जोडू नये. त्या टोकांना साधी ५० हर्ट्झची साइन वेव्ह नसते. उच्च वारंवारतेचे तुकडे पाडलेलं व्होल्टेज असतं, आणि वेग बदलला की त्याची वारंवारताही बदलते. दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला बेताचा करंट देणारं सर्किट) जळू शकतो, शिवाय व्हीएफडीच्या आउटपुटवर मोटरखेरीज काही लावू नये, हा त्या यंत्राचा मूळ नियम आहे.

जोडणीपेक्षा वाईट अवस्था दिव्याच्या हाताची होती. हेडस्टॉकच्या, म्हणजे चक बसतो त्या टोकाच्या, मागे बसवलेला दोन सांध्यांचा लोखंडी हात, टोकाला पत्र्याची टोपी, आत पिन होल्डर, त्यात २३० व्होल्टचा साधा एलईडी बल्ब. मधल्या सांध्यात वायर जिथे वळते तिथलं प्लास्टिक तेल पिऊन आधी फुगलं आणि नंतर कडक होऊन तडकलं होतं. हात दुमडला की तडा मिटायचा, सरळ केला की उघडायचा, आणि उघडल्यावर आत तांब्याचे तार दिसायचे. त्यांच्यात आणि लोखंडी सांध्यात नखाएवढंही अंतर नव्हतं.

मग मल्टिमीटर ओहमवर लावला. एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं दिव्याच्या टोपीला. लेथच्या बेडला (खालच्या लोखंडी पायाला) रीडिंग शून्याजवळ येत होतं, म्हणजे मशीनचं अर्थिंग ठीक होतं. टोपीवर मात्र हात हलवला की आकडा उड्या मारायचा आणि एका जागी आल्यावर सर्किट तुटल्याचं दाखवायचा. सांध्यात रंग, गंज आणि तेल यांचा थर बसला होता. थोडक्यात, तडकलेल्या वायरीतून फेज हाताला लागला असता तर फ्यूज उडेलच अशी खात्री नव्हती. एक हात टोपीवर आणि दुसरा अर्थ असलेल्या बेडवर, ही तर लेथवर काम करणाऱ्याची रोजची स्थिती.

थांबलेला दिसणारा बार

बल्बचा स्वभावही बघायचा होता. खोलीतली ट्यूब बंद केली, चकमध्ये षटकोनी पितळी बार धरला आणि पट्टा मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपासच्या पायरीवर ठेवून लांबून मोटर चालू केली. बार फिरताना गोल धूसर दिसायला हवा. तो सहा कडांसकट स्पष्ट दिसत होता आणि सावकाश उलटा फिरत होता.

याचा हिशेब सरळ आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त एलईडी किंवा जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक झगमग. षटकोनी बारला एक षष्ठांश फेरी फिरवलं की तो पुन्हा हुबेहूब पहिल्यासारखा दिसतो. १० मिलिसेकंदांत एक षष्ठांश फेरी म्हणजे मिनिटाला बरोबर १००० फेऱ्या. त्या वेगावर बार थांबल्यासारखा दिसेल. मोटर लोडवर किंचित मागे पडते. वेग ९८० असेल तर तोच बार मिनिटाला २० फेऱ्यांनी उलटा फिरताना दिसतो. चार जॉच्या चकला हाच घातक वेग १५०० आहे, तीन जॉच्या चकला २०००. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे झगमग १२० वेळा होते आणि हे सगळे आकडे त्या प्रमाणात वर सरकतात.

बल्बची झगमग जितकी खोल, तितका हा भास पक्का. काकांचा बल्ब मी नंतर उघडून पाहिला. आत ट्रान्सफॉर्मर नव्हता, नीट ड्रायव्हरही नव्हता. एक कपॅसिटर व्होल्टेज खाली पाडत होता, ब्रिज त्याचं डीसी करत होता, आणि ते सपाट करणारा कपॅसिटर जेमतेम आकाराचा. अशा बल्बमध्ये विजेची बाजू आणि एलईडीची बाजू अलग नसते. वरची प्लास्टिकची टोपी फुटली तर एलईडीच्या पट्टीवर मेनची वीज उघडी पडते, आणि लेथवर गरम चिप उडून टोपीला लागणं हे रोजचंच.

काय बसवायचं

मशीनच्या विद्युत सामग्रीसाठी आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते कारखान्यातल्या मशीनसाठी लिहिलेलं असलं तरी त्यातली कारणं घरच्या लेथलाही तशीच लागू पडतात. मशीनवरच्या दिव्याचं व्होल्टेज २५० च्या वर नसावं आणि शक्यतो ५० किंवा त्याहून कमी असावं, असं ते सांगतं. चालू-बंदचा स्विच दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा लोंबत्या वायरीत नसावा, आणि स्ट्रोबोस्कोपिक भास, म्हणजे फिरती वस्तू थांबल्यासारखी दिसण्याचा वरचा भास, होणार नाही असा दिवा निवडावा, हेही त्यात आहे.

जुन्या मशीनवर २४ व्होल्टचे बल्ब दिसतात, त्यामागे सुरक्षिततेखेरीज आणखी एक कारण होतं. तेवढ्याच वॅटच्या २३० व्होल्टच्या बल्बपेक्षा २४ व्होल्टच्या बल्बची तार जाड आणि आखूड असते, त्यामुळे मशीनच्या थरथरीत ती लवकर तुटत नाही. एलईडीला तार नाही, म्हणून हे कारण आता उरलं नाही. पण २४ व्होल्ट टिकून आहेत, आणि मशीनसाठी म्हणून बनवलेले बरेचसे दिवे आजही याच व्होल्टेजवर मिळतात.

काकांना आधी वाटत होतं की छताला आणखी एक ट्यूब लावली की झालं. त्यानं खोली उजळली असती, काम नाही. लेथवर माणूस वाकतो तेव्हा त्याचं डोकं आणि खांदे नेमके छत आणि टूल यांच्या मध्ये येतात, आणि छतावरचा दिवा कितीही मोठा असला तरी सावली तिथेच पडते. चुंबकाच्या तळाचा, वाकवता येणाऱ्या मानेचा दिवाही त्यांनी बघून ठेवला होता. चुंबक लोखंडी चिप ओढून घेतो, खाली चिप साठली की पकड सैल होते, आणि चकच्या शेजारी सैल पकडीची कुठलीही वस्तू मला नको असते. मेजरिंग टेबलवर तो दिवा उत्तम आहे. लेथवर नाही.

शेवटी ठरलं ते असं. जुना लोखंडी हात ठेवायचा, कारण तो भक्कम होता आणि त्याचा तळ कास्टिंगला आटे पाडून बसवलेला होता. नवीन भोक पाडायची गरज नव्हती. टोकाला ॲल्युमिनियमच्या शरीराचा, कडक काचेचा, २४ व्होल्ट डीसीचा ८ वॅटचा दिवा. वीज पुरवायला २४ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस (मेनच्या विजेचं कमी व्होल्टचं डीसी करणारा पुरवठा), ज्याचं आउटपुट मेनपासून पूर्ण अलग आहे असा.

८ वॅट पुरतील का, हा काकांचा प्रश्न. बऱ्यापैकी एलईडी वॅटला ८० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) सहज देतो, म्हणजे ६४० ल्युमेन. ते ६० अंशांच्या झोतात टाकले तर अर्ध्या मीटरवर, मधोमध, हिशेबानं ३००० लक्सच्या (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास भरतात. ०.१ मिमीपेक्षा बारीक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) मशीनिंगसाठी युरोपीय मानक ईएन १२४६४-१ जो उजेड मागतं तो ५०० लक्स आहे. काच मळली, झोत तिरका पडला, डोळे साठीपलीकडचे असले तरी हा उजेड भरपूर होतो. याहून मोठा दिवा लावला तर चकाकत्या शाफ्टवरून तिरीप डोळ्यांत जाते आणि डायल वाचायला उलट जास्त त्रास होतो. त्यापेक्षा दिवा जवळ आणता येणं महत्त्वाचं: ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की उजेड चौपट होतो.

डीसी का, तर झगमग घालवायला. साध्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट एसी दिले असते तर विजेचा धक्का टळला असता, पण स्वस्त दिव्यात १०० वेळांची झगमग तशीच राहिली असती. हॅलोजनसाठी मिळणारा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तर मुळीच घेऊ नये. त्याला ठरावीक वॅटचा किमान लोड लागतो, आणि छोट्या एलईडीवर तो चालू-बंद होत राहतो. मंद-प्रखर करायचा डिमरही मी लावला नाही. बहुतेक डिमर एलईडी चटाचट चालू-बंद करूनच उजेड कमी करतात, म्हणजे काढलेला दोष पुन्हा विकत घेतल्यासारखं.

बसवताना

वीज घ्यायची जागा बदलली: मेन स्विचनंतर, पण स्टार्टरच्या आधी. यामुळे मेन स्विच बंद केला की मशीन आणि दिवा दोन्ही मृत होतात, आणि स्टार्टरचं बंदचं बटण दाबलं तर फक्त मोटर थांबते, उजेड राहतो. मशीनवर इमर्जन्सी स्टॉप असेल तर त्यानंही दिवा जाऊ नये. संकटाच्या क्षणी माणसाला सगळ्यात आधी दिसायला हवं. वीज जाऊन परत आली तर नो-व्होल्ट स्टार्टर मोटर आपोआप चालू होऊ देत नाही. दिवा मात्र आपला आपण लागतो, आणि वीज आल्याचं त्यावरून कळतं.

खोलीच्या सर्किटवर एमसीबी १६ अँपिअरचा होता. त्याच्या भरवशावर एसएमपीएसला जाणारी बारीक वायर ठेवणं बरोबर नाही. वायर तापून वितळेल तरी एमसीबी पडणार नाही. म्हणून वीज जिथून घेतली तिथेच १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज लावला. स्लो-ब्लो अशासाठी की चालू होताना एसएमपीएसचा कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतो.

२४ व्होल्टच्या बाजूचा फ्यूज निवडताना थोडा विचार करावा लागतो. दिवा ओढतो ०.३३ अँपिअर. एसएमपीएस १ अँपिअरचा, म्हणून फ्यूजही १ चा टाकावा असं वाटतं. पण शॉर्ट झालं तर एसएमपीएस स्वतःच करंट अडवतो आणि आउटपुट बंद-चालू करत बसतो. त्याची मर्यादा १ अँपिअरच्या थोडीच वर असते, तेवढ्यावर १ चा फ्यूज उडेलच असं नाही, आणि दोष सापडायला वेळ जातो. ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज दिवा आरामात चालवतो आणि गडबड झाली की लगेच उडतो.

एसएमपीएस ठेवायच्या जागेवर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना तो चिप ट्रेच्या खाली, रिकाम्या कप्प्यात हवा होता. ट्रेच्या कडेनं कूलंट झिरपतं, ते थेट त्याच्यावर आलं असतं. जाळीच्या डब्याचा एसएमपीएस असेल तर चिपचा बारीक तुकडाही आत शिरतो. म्हणून हेडस्टॉकच्या टोकाला, स्टँडच्या बाहेरच्या बाजूला बंद पेटी बसवली, वायरींच्या ग्लँड (वायर घट्ट धरून आत घेणाऱ्या वाटा) पेटीच्या तळाला. वरून घेतलेल्या वायरीवरून तेल ओघळत आत जातं; खालून घेतलेल्या वायरीवरून ते टोकाशी थेंब होऊन गळून पडतं. पेटीच्या पत्र्याला भोकं पाडताना स्टार्टरचं झाकण बंद करून वर कापड टाकलं होतं.

स्विच पेटीच्याच पुढच्या अंगाला, रबरी टोपीचा. डावा हात चक ओलांडून न नेता पोचेल अशी जागा. तो २४ व्होल्टच्या बाजूवर ठेवला, म्हणजे तेलकट हात लागणार त्या वस्तूत मेनची वीजच नाही.

आता हात. सांधे सोडवून रंग आणि गंज काढला, नवीन स्प्रिंग वॉशर आणि नायलॉक नट घातले. आतून ०.७५ चौरस मिमीची, तेलाला टिकणारी दोन कोअरची वायर ओढली. करंट इतका कमी आहे की तीन मीटर वायरीत व्होल्टेजची घट ०.०५ च्या आसपास येते. जाडी निवडली ती घटीसाठी नव्हे, रोज दुमडून टिकावी म्हणून. वायर सांध्यातून नेलीच नाही. प्रत्येक सांध्याच्या अलीकडे ती रबरी ग्रोमेटमधून बाहेर काढली, सैल वळसा दिला आणि पलीकडे पुन्हा आत घेतली. हात पूर्ण सरळ केला तरी वळसा ताणला जात नाही, आणि वायर झिजायला लागली तर डोळ्यांना दिसते. प्रत्येक भोकाची कड आतून बाहेरून फाइल मारून गुळगुळीत केली.

सगळ्यात जास्त लक्ष मी एका साध्या तपासणीकडे दिलं. सगळे नट सैल केले आणि हात सोडून दिला: तो पडतो कुठे? पहिल्यांदा टोपी थेट चकवर येऊन टेकली. म्हणजे कधी काम चालू असताना सांधा ढिला पडला असता तर दिवा फिरत्या जॉमध्ये गेला असता. खालच्या सांध्याच्या कानात एम५चे आटे पाडून एक स्क्रू अडसर म्हणून बसवला. आता हात टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या टोकाच्या) दिशेनं मोकळा फिरतो, पण चकच्या बाजूला एका मर्यादेपलीकडे येतच नाही. आणि सगळं सैल सोडलं तरी तो मागच्या पत्र्यावर पडतो. कुणाच्या मशीनवर दिवा आधीच बसवलेला असेल तर त्यानं आज एवढी एकच गोष्ट करून बघावी.

२४ व्होल्टचं कुठलंही टोक मशीनच्या शरीराला जोडलं नाही. सगळं पूर्ण झाल्यावर प्लग न लावता मोजमाप केलं: अर्थ पिनपासून बेड, पेटी, स्टँड सगळीकडे शून्याजवळ; मग एसएमपीएस सोडवून, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). आयईसीचं मानक किमान १ मेगओहम मागतं. इथे आकडा त्याच्या कितीतरी वर होता.

चालू केल्यावर

पुन्हा तोच षटकोनी बार, तोच पट्टा, ट्यूब बंद. बार आता गुळगुळीत, कडा नसलेल्या नळीसारखा दिसला. मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातही उजेड एकसारखा आला. जुन्या बल्बखाली याच कॅमेऱ्यात पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. ज्यांच्याकडे षटकोनी बार नाही त्यांनी ही कॅमेऱ्याची पद्धत वापरावी. पूर्ण खात्री देत नाही, पण वाईट दिवा लगेच पकडते.

उजेड कुठून टाकायचा हे काकांनी स्वतः शोधलं, आणि ते बघण्यासारखं होतं. टर्निंगला, म्हणजे जॉब बाहेरून कापताना, त्यांनी दिवा टूलच्या मागे, जॉबच्या जवळजवळ समांतर आणला. तिरक्या उजेडात टूलनं सोडलेली प्रत्येक रेघ आपली सावली घेऊन उभी राहते आणि फिनिश कसा आलाय ते मायक्रोमीटरआधीच कळतं. बोरिंगला तोच दिवा टेलस्टॉकच्या बाजूनं, बोअरच्या अक्षात आणला. काका खाली वाकले, आत पाहिलं आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही लहर बघ. टूल थरथरतंय. मी उगीच टूलला धार लावत बसलो होतो."

बोरिंग बार जास्त बाहेर काढलेला होता. तो आत घेतल्यावर लहर गेली. मोटर बंद होती, चक थांबलेला होता आणि दिवा चालू होता, म्हणून ते दिसलं.

एक त्रुटी राहिली. चकाकणाऱ्या जॉबवर दिव्याचं प्रतिबिंब टोचत होतं, विशेषतः टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर. दिव्याच्या काचेवर धूसर काच बसवल्यावर ते पुष्कळ कमी झालं. धूसर प्लास्टिक हाताशी होतं, पण गरम चिप त्याला चिकटून वितळते आणि काही कटिंग ऑइलनं पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात, म्हणून काचच घेतली. या काचेवर तेलाचं पातळ पटल साचतं आणि उजेड हळूहळू उतरतो; इतका हळू की ध्यानात येत नाही. काकांनी मशीन पुसायच्या कपड्यासोबत काचेसाठी वेगळं फडकं टांगलं आहे.

आता त्यांना शेजारच्या ड्रिलिंग मशीनवरही असाच दिवा हवा आहे. एसएमपीएसमध्ये अजून ०.६७ अँपिअर शिल्लक आहेत, तेव्हा दुसरा ८ वॅटचा दिवा त्यावर सहज चालेल, असं त्यांचं म्हणणं. चालेल हे खरं, पण मग लेथचा मेन स्विच बंद केला की ड्रिलचा दिवाही जाईल, आणि लेथची पेटी उघडून काम करणाऱ्याला ड्रिलकडून काही येत-जात नाही याची खात्री करत बसावं लागेल. शिवाय ड्रिलचं टेबल वर-खाली होतं, त्यामुळे दिवा टेबलावर नाही, मशीनच्या डोक्यावर बसवावा लागेल, आणि तिथे ड्रिल चकच्या किल्लीला तो आडवा येता कामा नये. त्याला वेगळा एसएमपीएस आणि वेगळी पेटी लावायचं ठरलं आहे. जागा मात्र अजून ठरायची आहे.